दर सरकारने ठरवावेत, या निवेदनावर सही करू का?

पत्र:

ताई, आमच्याकडे टीव्हीचं केबल आणि इंटरनेट एकाच कंपनीचं आहे, कारण आमच्या भागात तार फक्त त्यांचीच आली आहे. पहिल्या वर्षी बिल कमी होतं. सवलत संपली आणि ते एकदम वाढलं, मग दर वर्षी थोडं थोडं वाढतच गेलं. बाबा टीव्हीवर चार-पाच चॅनेल बघतात, पैसे मात्र अख्ख्या पॅकचे जातात. शेजारच्यांनी फोनवर भांडून माझाच प्लॅन माझ्यापेक्षा कमी पैशांत मिळवला. मी फोन केला तर "ती ऑफर नवीन ग्राहकांसाठी आहे" असं ऐकवलं. माझं काम घरून चालतं, त्यामुळे कनेक्शन तोडून टाकीन म्हणायचीही सोय नाही. आमच्या ग्राहक गटाने सरकारला द्यायला निवेदन तयार केलं आहे. त्यात एकच मागणी आहे: "केबल आणि ब्रॉडबँडचे सर्व दर सरकारने निश्चित करावेत." मला सही करावीशी वाटते. दादा म्हणतो, सरकारने भाव ठरवले की सेवेचं वाटोळं होतं, बाजारावर सोडा. यावरून आमच्यात आठवडाभर धड बोलणं नाही. कोणाचं बरोबर?

उत्तर:

नमस्कार. सही करा, पण निवेदनातलं ते वाक्य बदलून घेतल्यावर. ते आहे तसं मान्य झालं तर तुमचं बिल कमी होईलच याची मला खात्री वाटत नाही. संध्याकाळी नेट रखडायला लागेल याची भीती मात्र वाटते. तुमचा राग रास्त आहे. दादांची शंकाही उगाच नाही. त्या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टींची मोट बांधली आहे. चॅनेलांच्या बाबतीत दादांचं बरंचसं खरं आहे आणि इंटरनेटच्या तारेबाबत तुमचं.

आधी तारेचं बघू. तुमच्या भागात एकाच कंपनीची तार का आली? बहुतेक ठिकाणी यामागे कुणाची लबाडी नसते. रस्ता खणायचा, पाइप टाकायचे, खांबांवरून तार न्यायची परवानगी काढायची, प्रत्येक इमारतीत शिरकाव मिळवायचा, खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो, आणि तो पहिलं घर जोडण्याआधीच होऊन बसतो. त्यानंतर त्याच गल्लीतलं आणखी एक घर जोडायला फारच कमी पैसे लागतात. आता दुसऱ्या कंपनीच्या बाजूने विचार करा. तिला खोदकाम तेवढंच करावं लागणार, पण निम्मी घरं आधीच पहिल्या कंपनीकडे असणार. हिशेब बसत नाही, म्हणून ती येत नाही. आणि ती येणार नाही हे पहिल्या कंपनीला पक्कं माहीत असतं. दादा "बाजारावर सोडा" म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर चार विक्रेते असलेला बाजार असतो. तुमच्या दाराशी एकच विक्रेता आहे आणि दुसरा येण्याची चिन्हं नाहीत. अशा ठिकाणी सरकारने हात घालावा की नाही, हा प्रश्न माझ्या मते उरतच नाही. हात कुठे घालायचा, एवढंच ठरवायचं असतं.

चॅनेलांच्या किमतीत हात घातल्यावर काय होतं, याचा अनुभव जगाला भरपूर आहे. अमेरिकेने 1984 च्या कायद्याने केबलचे दर जवळजवळ मोकळे सोडले. अट एवढीच होती की त्या भागात स्पर्धा असावी. पण तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, स्पर्धेची व्याख्या अशी केली की अँटेनावर तीन चॅनेल फुकट दिसत असतील तर स्पर्धा आहे असं समजायचं. तीन चॅनेल बहुतेक सगळीकडे दिसत होते! 1986 च्या अखेरीस दर मोकळे झाले आणि मग महागाईलाही मागे टाकत वाढत गेले. लोक इतके चिडले की 1992 मध्ये तिथल्या संसदेने दर नियंत्रणाचा कायदा केला. राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, आणि संसदेने तो मोडून काढून कायदा मंजूर केला. त्यांच्या सबंध कारकिर्दीत नकाराधिकार मोडला गेला तो एवढ्या एकाच वेळी. तुमच्या गटाला वाटतं तसंच तेव्हा तिथल्या लोकांना वाटत होतं.

पुढे काय झालं ते दादांना आवडेल. 1993 मध्ये एफसीसीने दर सुमारे 10 टक्क्यांनी उतरवायला लावले, 1994 मध्ये आणखी 7 टक्क्यांनी. तरीही पुष्कळ घरांची बिलं पहिल्या फेरीत कमी होण्याऐवजी वाढली. कंपन्यांनी चॅनेलांची मांडणीच बदलली होती. बांधलेल्या दराच्या पॅकमधून काही चॅनेल उचलून दराचं बंधन नसलेल्या गटात टाकले, काही घटकांचे दर नियमात बसतील तेवढे वर नेले. सरकारने पॅकचा दर धरून ठेवला, पण पॅकमध्ये काय घालायचं ते कंपनीच्याच हातात होतं. पुढे 1996 च्या कायद्याने यातलं बरंचसं नियंत्रण काढून टाकायचं ठरलं आणि 1999 च्या मार्चअखेर ते संपलं.

भारतात ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, याच वाटेवर आणखी बारकाईने जाऊन पाहिलं. 2017 मध्ये काढलेली नवी दरव्यवस्था 2019 च्या फेब्रुवारीपासून लागू झाली: पहिल्या 100 चॅनेलांसाठी नेटवर्क शुल्क, म्हणजे जोडणीचे दरमहा पैसे, जास्तीत जास्त 130 रुपये अधिक कर, प्रत्येक चॅनेलची छापील किंमत जाहीर, आणि 19 रुपयांहून महाग चॅनेल पॅकमध्ये घालायला बंदी. हेतू चांगला होता. जो चॅनेल बघाल त्याचेच पैसे द्या, असा. पण लोकप्रिय चॅनेलांची किंमत नेमकी 19 रुपयांवर जाऊन बसली आणि पॅकवर मात्र घसघशीत सूट मिळू लागली. सुटे चार चॅनेल घ्यायला गेलं की अख्खा पॅकच स्वस्त पडायचा, त्यामुळे लोक पुन्हा पॅककडेच वळले. मग 2020 मध्ये ट्रायने ती मर्यादा 12 रुपयांवर आणली आणि 130 रुपयांत 200 चॅनेल द्यायला सांगितलं. वाहिन्या कोर्टात गेल्या. काहींनी मोठे चॅनेल पॅकबाहेर काढून त्यांची सुटी किंमत वाढवण्याची तयारी केली. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये मर्यादा परत 19 रुपये झाली आणि 2024 च्या जुलैमध्ये नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादाही उठली. म्हणजे नियामकाने एक दार बंद करायचं आणि कंपन्यांनी शेजारचं उघडायचं, यात वर्षं गेली. तुमच्या बाबांसारखे प्रेक्षक या सगळ्यात होते तिथेच राहिले.

म्हणून निवेदनातून चॅनेलांचे दर काढून टाका असं मी सुचवेन. टीव्हीला आज पर्याय आहेत: अँटेना, डिश, नेटवरून येणारे कार्यक्रम. बाबांना हवे ते चार-पाच चॅनेल सुटे मिळतात का, कुठल्या छोट्या पॅकमध्ये बसतात का, हे एकदा नीट बसून बघा. सुटा चॅनेल घेता आला पाहिजे आणि त्याची किंमत उघड असली पाहिजे, एवढा आग्रह सरकारकडे जरूर धरा. त्यापुढे एखाद्या मालिकेच्या चॅनेलची किंमत किती असावी हे सरकारी कचेरीत ठरवण्यात मला तरी काही हशील दिसत नाही.

इंटरनेटचं मात्र वेगळं. नोकरी, शिक्षण, बँक, डॉक्टरची वेळ, सरकारी अर्ज, सगळं त्याच्यावर आलं आहे. महाग झालं म्हणून ते सोडून देता येत नाही. तुमच्या पत्रातली मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट हीच: "तोडून टाकीन म्हणायचीही सोय नाही." गिऱ्हाइकाला उठून जाता येत नसेल तर त्याच्या वतीने कुणीतरी बोललं पाहिजे, आणि ते काम सरकारचंच आहे.

पण इथेही नुसता दर बांधून भागत नाही, आणि का भागत नाही ते मी जरा तपशिलात सांगते, कारण निवेदन लिहिताना हे उपयोगी पडेल. फायबरची एक तार तुमच्या भागातल्या पेटीपर्यंत येते. तिथे स्प्लिटर लावून ती 32 किंवा 64 घरांत वाटलेली असते. सर्रास वापरात असलेल्या जीपॉन तंत्रात या सगळ्या घरांना मिळून डाउनलोडसाठी सेकंदाला सुमारे 2.5 गिगाबिट एवढीच क्षमता असते. 32 घरांना प्रत्येकी 100 एमबीपीएसचा (सेकंदाला 100 मेगाबिट, म्हणजे 0.1 गिगाबिट) प्लॅन विकला तर कागदावर 3.2 गिगाबिट विकले गेले, 64 घरांना विकला तर 6.4. यात फसवणूक नाही. सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, म्हणून अशी वाटणी चालून जाते. पण ती कितपत ताणायची हे कंपनी ठरवते आणि तुम्हाला ते दिसत नाही. आता समजा, सरकारने दर बांधला आणि दुसरं काहीच बांधलं नाही. कंपनीला पैसे वाचवायचे आहेत. ती एका तारेवर 32 च्या जागी 64 घरं टाकेल. पुढे मोठ्या जाळ्याला जोडणारी क्षमता वाढवायचं लांबणीवर टाकेल. दुरुस्तीला येणारी माणसं कमी करेल. बिल तेवढंच, पण रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉल अडकणार आणि तक्रार दिल्यावर माणूस यायला चार दिवस लागणार. दर छापील असतो, म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवता येतं. सेवा पातळ होत जाते तेव्हा ती कशातच नोंदली जात नाही. दादा ज्याला वाटोळं म्हणतात ते असं होतं. तेव्हा दराची मागणी करायचीच असेल तर त्याच वाक्यात संध्याकाळचा किमान वेग आणि दुरुस्तीची मुदत मागा.

याहून मोठी मागणी मी तारेच्या वापराची करेन. तार ज्याची आहे त्याने ती ठरावीक भाड्याने इतर कंपन्यांनाही वापरू द्यायची. रस्ता एकच, पण त्यावर गाड्या अनेकांच्या. युरोपीय संघाने 2000 च्या अखेरीस असा नियमच केला आणि फ्रान्समध्ये त्याचा परिणाम चांगला दिसला. फ्री नावाच्या नव्या कंपनीने 2002 मध्ये फ्रान्स टेलिकॉम या जुन्या कंपनीच्या तांब्याच्या तारांवरून 29.99 युरोत ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली, आणि बाकीच्यांना त्या दराच्या आसपास यावंच लागलं. ग्राहकाने भरायचा दर सरकारने ठरवलाच नाही. तारेचं भाडं आणि ती वापरू देण्याच्या अटी नियामकाने ठरवल्या, उरलेलं काम स्पर्धेने केलं.

यात एक धोका आहे, आणि तो दादांनी काढला तर त्यांना उडवून लावू नका. भाडं फार कमी ठरवलं तर नवी तार टाकायला कुणी पुढे येत नाही, कारण खोदकाम आपण करायचं आणि फायदा सगळ्यांनी घ्यायचा. भाडं फार जास्त ठरवलं तर नवा विक्रेताच येत नाही. हे अवघड काम आहे. त्यासाठी कंपन्यांचे खर्चाचे हिशेब तपासू शकणारा आणि कंपन्यांच्या दबावाखाली नसलेला नियामक लागतो. पण शेकडो चॅनेल आणि हजारो पॅक यांच्या मागे धावण्यापेक्षा एका तारेचं भाडं ठरवणं खूपच आटोक्यातलं आहे.

दादांना भारतातल्या मोबाइल डेटाचं उदाहरण नक्की द्या. ते दोघांच्याही बाजूने बोलतं. तिथे ट्रायने दर बांधलेले नव्हते. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ बाजारात आलं आणि डेटाचे भाव कोसळले. कुठल्याही सरकारी आदेशाने ते इतके खाली आले नसते, हे मी मनापासून मान्य करते. पण त्याच झुंजीत अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा एकमेकांत विलीन झाल्या. मोठ्या खाजगी कंपन्या तीनच उरल्या, आणि 2024 च्या जुलैमध्ये तिघींनीही लागोपाठ दर वाढवले. स्पर्धा आपोआप टिकत नाही. दादांना बाजार हवा असेल तर त्या बाजारात विक्रेते टिकून राहावेत म्हणून नियम करणारं सरकारही त्यांना हवंच असलं पाहिजे.

ज्यांना बिल परवडतच नाही त्यांच्यासाठी काय, हेही तुमच्या गटात कुणीतरी विचारेल. दोन मार्ग वापरून झालेले आहेत. एक अनुदानाचा: अमेरिकेत सरकार गरजू घरांच्या बिलात महिन्याला 30 डॉलर भरत होतं, 2.3 कोटींहून जास्त घरांनी नावं नोंदवली होती, आणि 2024 च्या मध्यावर निधी संपला तशी योजनाही संपली. ज्यांनी त्या भरवशावर कनेक्शन घेतलं ती घरं अधांतरी राहिली. दुसरा मार्ग न्यूयॉर्क राज्याचा. 2021 च्या कायद्याने कंपन्यांना सांगण्यात आलं की कमी उत्पन्नाच्या घरांना 15 डॉलरमध्ये 25 एमबीपीएस किंवा 20 डॉलरमध्ये 200 एमबीपीएस द्या. कंपन्या कोर्टात भांडल्या, हरल्या, आणि 2025 च्या जानेवारीत तो लागू झाला. एटी अँड टी या बड्या दूरसंचार कंपनीने आपली वायरलेस घरगुती इंटरनेट सेवा त्या राज्यात बंद केली, म्हणजे दादांची भीती अगदीच काल्पनिक नाही. तरीही मला हा मार्ग जास्त पटतो. त्यात दर आणि वेग दोन्ही एकत्र सांगितले आहेत, लहान कंपन्यांना सूट मागता येते, आणि बाकीच्या प्लॅनना हात लावलेला नाही.

आता शेजाऱ्यांच्या बिलाबद्दल. पत्रात ते तुम्ही ओझरतं लिहिलं आहे, पण माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय तिथेच आहे. तीच तार, तोच वेग, तीच सेवा. भांडता येणाऱ्याला कमी दर आणि मुकाट्याने भरणाऱ्याला जास्त. हा भार कोणावर पडतो? म्हाताऱ्या माणसांवर, फोनवर तासभर ताटकळत बसायला वेळ नसलेल्यांवर, मराठीत काय किंवा कुठल्याही भाषेत काय, हुज्जत घालायचा संकोच वाटणाऱ्यांवर. जितकी वर्षं इमानाने राहाल तितकं जास्त भराल, अशी ही रचना आहे, आणि ती मोडायला दर ठरवावा लागत नाही. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या दूरसंचार नियामकाने 2025 च्या 17 जानेवारीपासून नव्या करारांना नियम लावला: मुदतीच्या मध्ये दर वाढवणार असाल तर किती आणि कधी ते पौंड-पेन्समध्ये आधीच सांगा, "महागाईनुसार वाढेल" असं मोघम चालणार नाही. त्याआधी 2024 च्या सप्टेंबरपासून कंपनी बदलायची असेल तर नव्या कंपनीला कळवलं की पुरे, जुनीशी फोनवर झटापट करावी लागत नाही. अमेरिकेतही 2024 च्या एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत मूळ दर, वरून लागणारे इतर आकार, वेग आणि सवलत कधी संपते याची ठरावीक नमुन्यातली चौकट दाखवावी लागते. या नियमांनी तुमच्या गल्लीत दुसरी तार येणार नाही, पण सवलत संपल्यावर बसलेला धक्का तुम्हाला आधी कळला असता.

तर निवेदनात ते एक वाक्य काढून साधारण असं लिहून बघा. जिथे घरापर्यंत एकाच कंपनीची तार आहे तिथे नियामकाने वाजवी भाडं ठरवून ती इतर विक्रेत्यांना खुली करावी. तोपर्यंत त्या भागात टीव्हीच्या पॅकशिवाय घेता येणारा एक मूलभूत इंटरनेट प्लॅन असावा, त्याचा दर, रात्रीचा किमान वेग आणि दुरुस्तीची मुदत नियामकाने एकत्र ठरवावी, आणि त्याचा हिशेब दर वर्षी जाहीर करावा. उपकरणाचं भाडं आणि कर धरून पूर्ण रक्कम आणि सवलत संपल्यानंतरची रक्कम ग्राहकाला सही करण्याआधी लेखी मिळावी. मुदतीच्या मध्ये दर वाढवला तर दंड न भरता सोडून जाता यावं. नव्या ग्राहकाला दिलेली ऑफर मुदत संपलेल्या जुन्या ग्राहकालाही खुली असावी. यावर दादांचीही सही मिळते का बघा. मला वाटतं, मिळेल.

तोवर घरचं बिल हाती घ्या. त्यात मूळ दर किती, मोडेम आणि सेट-टॉप बॉक्सचं भाडं किती, कधीकाळी हप्त्याने लावलेलं जोडणी शुल्क अजून चालू आहे का, आणि न मागता जोडलेली एखादी सेवा आहे का, ते एकेक ओळ वाचून बघा. मोडेम स्वतःचं वापरायला परवानगी आहे का ते विचारा. फक्त इंटरनेटचा दर लेखी मागवा, कारण एकत्र पॅकमध्ये टीव्हीचे किती आणि नेटचे किती हे बहुधा सांगितलं जात नाही. कंपनीशी फोनऐवजी ईमेलवर बोला आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा, तिथेही नाही झालं तर ग्राहक आयोगाकडे जा.

आणि निवेदनाला पुरावा जोडा. गटातल्या सभासदांची एकाच प्लॅनची बिलं गोळा करा, नावं-पत्ते झाका, आणि ती तारखेनुसार लावा. त्याच घरांतून आठवडाभर रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, वाय-फायवरून नव्हे तर लॅपटॉपला तार थेट जोडून, वेग मोजून लिहून ठेवा. किमान वेग किती मागायचा हा आकडा गटाने अंदाजाने टाकू नये, या नोंदींवरून ठरवावा.